पडलेल्या पायासाठी पॅडल: साधं, मोटरचं की करंटचं?

पक्षाघाताचा पेशंट घरी आला की आठवड्याभरात कुणीतरी सांगतंच, ‘ते खुर्चीत बसून सायकलसारखं फिरवायचं पॅडलचं मशीन घ्या.’ दोन-तीन हजारांत ते दारात येतंही. घेण्याआधी एकच गोष्ट बघा: पेशंट बसल्या जागी तो पाय स्वतःहून किती हलवतो?

थोडाफार हलवत असेल, गुडघा वाकत असेल, तर साधं पॅडल चालेल. मात्र त्याची गोम अशी की दोन्ही पॅडल एकाच दांड्यावर असतात. चांगला पाय सगळी मेहनत करतो, पडलेला पाय नुसता फिरून येतो आणि घरच्यांना वाटतं, वा, छान चाललंय! वर पट्टा एकच, पावलावरून जाणारा. टाच सुटते, गुडघा बाहेर कलंडतो. गुळगुळीत फरशीवर यंत्र पुढे पुढे सरकतं ते वेगळंच. खाली रबरी मॅट घाला आणि यंत्र भिंतीला टेकवा. पॅडल सर्वांत लांब गेलं तरी गुडघा किंचित वाकलेला राहील इतक्या अंतरावर खुर्ची ठेवा.

पाय अजिबात हलत नसेल किंवा मध्येच ताठरत असेल, तर साध्याच्या नादी लागू नका. तिथे मोटरचं यंत्र. मोटोमेड, थेरा-ट्रेनर ही त्यातली जर्मन नावं. पेशंट व्हीलचेअरवरच बसून राहतो. पाऊल आणि पोटरी दोन्ही आधारात बांधली जातात. मोटर पाय फिरवते, पेशंटने जोर लावला की तो जोर मोजते. पाय अचानक कडक झाला तर थांबते, उलट्या दिशेने सावकाश फिरवून तो सैल करते. डावा किती, उजवा किती, हे पडद्यावर दिसतं. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच, कारण चांगल्या पायाची लबाडी लगेच पकडली जाते. किंमत मात्र लाखांत, म्हणून विकत घेण्यापेक्षा हे यंत्र असलेलं फिजिओथेरपी सेंटर शोधा. ऑनलाइन मिळणारी स्वस्त मोटरची पॅडलं याच जातीची समजू नका. ताठरलेला पाय ओळखण्याची सोय नसेल तर मोटर तो तसाच ओढत राहील.

तिसरा प्रकार करंटचा. मांडीवर आणि नितंबावर इलेक्ट्रोड लावून स्नायूंना क्रमाने करंट देतात, त्यावर पॅडल फिरतं. मणक्याच्या दुखापतीत याचा विशेष उपयोग. २०१६ साली झुरिकजवळच्या सायबॅथलॉनमध्ये, म्हणजे दिव्यांगांनी आधुनिक साधनं वापरून खेळायच्या स्पर्धेत, अशा सायकलींची शर्यतही झाली. पण स्नायूपर्यंत जाणारी नसच गेली असेल, उदाहरणार्थ पोलिओत, तर या करंटने काम होत नाही. पेसमेकर असेल तर नको. इजा छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल तर बीपी एकदम चढू शकतं. म्हणून हे डॉक्टरांच्या सल्ल्याने, सेंटरमध्येच.

यंत्र कोणतंही असो, एका पायाची पोटरी सुजलेली, गरम किंवा दुखरी वाटली तर त्या दिवशी पॅडल बंद. रक्ताची गुठळी असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.