बॅबेज की हॉलरिथ : आधी कोणाचे चरित्र वाचावे?

संगणकाच्या पूर्वेतिहासाकडे वळणाऱ्या वाचकाला सहसा इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजपासून (१७९१–१८७१) सुरुवात करायला सांगितले जाते. मी मात्र खानेसुमारीची यंत्रे करणाऱ्या अमेरिकी हर्मन हॉलरिथला (१८६०–१९२९) आधी वाचावे असे सुचवीन.

बॅबेजची कल्पनाशक्ती अफाट होती, यात वाद नाही. गणिती कोष्टकांतील चुका टळाव्यात म्हणून योजलेल्या त्याच्या ‘डिफरन्स इंजिन’साठी ब्रिटिश सरकारने १८२३ पासून पैसा पुरवला आणि अखेरीस सुमारे १७,५०० पौंड खर्च होऊनही यंत्र पुरे झाले नाही. कारागीर जोसेफ क्लेमंटशी बिनसल्यामुळे १८३३ मध्ये काम थांबले, आणि पुढच्याच वर्षी बॅबेज ‘ॲनालिटिकल इंजिन’च्या आराखड्यात गढून गेला. आकडे ठेवण्याचे कोठार वेगळे, आकडेमोडीची गिरणी वेगळी आणि सूचना देणारे भोकांचे पत्ते (कार्डे) जॅकार्डच्या मागावरून उचललेले. सोलापुरी चादरीवर नक्षी उठते ती याच जातीच्या मागावर. हातातले अर्धे टाकून त्याहून सरस काही आरंभण्याची ही खोड त्याला फार महागात पडली. आराखडे मात्र चुकीचे नव्हते: त्याने पुढे आखलेल्या ‘डिफरन्स इंजिन क्रमांक २’चा आकडेमोडीचा भाग लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये बांधला आणि तो चालला.

हॉलरिथपुढचा प्रश्न अगदी रोकडा होता. अमेरिकेच्या १८८० च्या खानेसुमारीची आकडेमोड कित्येक वर्षे रेंगाळली होती आणि त्या कामात तो स्वतः होता. रेल्वेचा कंडक्टर तिकिटाला भोके पाडून प्रवाशाचे केस, डोळे, नाक यांचे वर्णन नोंदवतो, हे पाहून माणसामागे एक भोकांचा पत्ता ही युक्ती त्याला सुचली. त्याच्या यंत्रात पत्ता ठेवून दांडा दाबला की स्प्रिंगवरच्या सुया खाली येत. भोक असेल तेथील सुई आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्यात बुडे, विद्युतमंडल पूर्ण होई आणि तबकडीवरचा काटा एका घराने सरके. १८९० च्या खानेसुमारीत ६ कोटींहून अधिक लोकांची माहिती या पद्धतीने मोजली गेली. यंत्र विकण्याऐवजी भाड्याने देण्याचा त्याचा व्यवहार पक्का होता, स्वभाव मात्र ताठर. भाड्यावरून खानेसुमारी खात्याशी त्याचे फाटले आणि १९१० मध्ये तेथे प्रतिस्पर्धी जेम्स पॉवर्सची यंत्रे आली. १९११ मध्ये त्याची कंपनी ज्या विलीनीकरणात गेली, त्यातूनच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव पुढे आले.

यंत्र, गिऱ्हाईक आणि पैसा यांची गाठ कशी पडते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला हॉलरिथच्या चरित्रात अधिक सापडेल. शिवाय ते वाचायला गणित लागत नाही. प्रोग्रॅम या कल्पनेचे मूळ शोधणाऱ्याला मात्र बॅबेजला पर्याय नाही. अशा वाचकाने ॲनालिटिकल इंजिनवर लिहिणाऱ्या एडा लव्हलेसच्या १८४३ च्या टिपणांतील तक्ता, म्हणजे बर्नुली संख्या काढण्यासाठी त्या यंत्राने करायच्या क्रियांचा क्रम, शेजारी उघडा ठेवूनच ते चरित्र वाचावे.