एनआयआरएफची पीडीएफ: ॲडमिशनआधी वाचावी अशी

मुलीचा इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा, म्हणजे सामायिक प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि मुलुंड स्टेशनबाहेर जिकडे बघावं तिकडे 'हायेस्ट पॅकेज'चे फलक. कॉलेजचं नाव बारीक, आकडा हातभर. अशा वेळी कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन एनआयआरएफची पीडीएफ शोधावी. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारचं कॉलेजांचं रँकिंग; ते 2016पासून निघतं. त्यातला नंबर राहू द्या बाजूला. कामाची आहे ती त्यासाठी कॉलेजांनी भरून दिलेली माहिती.

तक्ता सगळ्यांना एकच, क्रमही तोच. प्लेसमेंटचं पान सावकाश वाचा. पहिल्या वर्षाला किती घेतले, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरल्या वेळेत किती पास झाले, नोकरी कितींना लागली, पुढे शिकायला किती गेले. शेजारी पगाराचा मध्यक, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येतो तो आकडा, अंकी आणि अक्षरी, चेकवर लिहितात तसा. मी अकाउंट्समधला माणूस. पास झालेल्यांतून नोकरीवाले आणि पुढे शिकणारे वजा केले. जी बाकी उरते, ती कुठल्याच फलकावर नसते.

एका कॉलेजच्या माहितीपत्रकातलं 'ॲव्हरेज पॅकेज' या मध्यकाच्या जवळजवळ दुप्पट. खोटं म्हणणार नाही. दोन-चार पोरांना घसघशीत पगार मिळाला की सरासरी फुगतेच. कॉलेजच्या काउंटरवर पीडीएफमधल्या मध्यकाबद्दल विचारलं तर बाई म्हणाल्या, "सर, ते गव्हर्नमेंटसाठी असतं."

आता खोट. चार वर्षांच्या डिग्रीच्या सगळ्या शाखा एकाच ओळीत. मुलीला हवंय इलेक्ट्रॉनिक्स. कॉम्प आणि सिव्हिलची खिचडी घेऊन ती काय करणार? लिफ्ट-रॅम्प किती टक्के इमारतींत आहेत हे विचारलंय, एका वर्गात किती पोरं बसतात हे नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांचा 'कॉमन डेटा सेट' ऐच्छिक असतो, तरी त्यात कितीजणांचे किती वर्ग, अगदी शंभरच्या वरचेसुद्धा, असा वेगळा तक्ता असतो.

शिवाय आकडे कॉलेजनेच भरलेले, आणि लिंक कुठल्या मेनूच्या पोटात असेल सांगता येत नाही.

या पीडीएफला माझे पाचपैकी साडेतीन गुण. तीन बॅचचे आकडे शेजारी ठेवून बघा, एका वर्षावर जाऊ नका. शाखावार यादी प्लेसमेंट ऑफिसकडे ईमेलवर मागा; तोंडी सांगितलेला आकडा फॉर्म भरताना धरू नका.