ताटातून निघालेला मळ

संक्रांतीच्या आधी सांगलीत विश्रामबागला एका हॉलमध्ये प्रदर्शन लागलं होतं. कोपऱ्यात ‘केमिकल-फ्री’ प्रॉडक्टचा स्टॉल. तिथल्या मुलीनं माझ्या मनगटावर पिवळसर जेल लावून चोळलं आणि बारीक शेवया गळायला लागल्या. “बघा ताई, किती मळ! साबणानं निघतो का हा?” चार बायकांसमोर इतकं कानकोंडं झालं की जेल, फेसवॉश आणि ‘सूदिंग’ क्रीमचा १,४५० रुपयांचा सेट घेऊनच बाहेर पडले. पावती मागितली तर म्हणे पुस्तक संपलंय.

चौथ्या दिवशी गाल असे ओढल्यासारखे झाले की हसताना चुरचुरायचं. नाकाच्या कडेला पापुद्रे.

सासूबाई म्हणाल्या, “रोज एवढा मळ येतो कुठनं गं?” आणि त्यांनीच घासलेलं स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर जेल चोळलं. त्याच शेवया! अशा जेलमध्ये कार्बोमर किंवा सेल्युलोज, म्हणजे जेल घट्ट करणारे पदार्थ असतात. चोळलं की त्यांच्याच गुठळ्या वळतात. मळबिळ काही नाही.

जेलवर ‘खास सांगलीची हळद’ असंही छापलेलं. आमच्याकडे हळदीची अडत, आम्हालाच हे सांगायचं! हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात. थेंबभर जेलात चुना कालवला. पिवळं ते पिवळंच. ट्यूबवरच्या घटकांच्या यादीत सापडलं ‘सीआय १९१४०’, म्हणजे टार्ट्राझिन, मिठायांतही घालतात तो रंग.

मग भिंग घेऊन बाकीच्या ट्यूबही वाचल्या. जे जास्त ते आधी, या क्रमानं घटक लिहितात. एक टक्क्याखालचे मात्र शेवटी कसेही लिहिले तरी चालतात. फेसवॉशमध्ये पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरिल सल्फेट. फेस भरपूर, पण कोरड्या कातडीचं उरलंसुरलं तेलही ओढून नेतं. त्याजागी डेसिल ग्लुकोसाइड किंवा कोकामिडोप्रोपिल बीटेनसारखं सौम्य फेसद्रव्य असतं, तर इतकं झोंबलं नसतं. क्रीमच्या डबीवर कोरफडीचं मोठ्ठं पान, आणि यादीत कोरफड कुठे? फिनॉक्सीइथेनॉलच्याही मागे. ते प्रिझर्व्हेटिव्ह एक टक्क्याच्या वर घालताच येत नाही. म्हणजे कोरफड किती, तुम्हीच ताडा. खरोखर शांत करणारं पॅन्थेनॉल, अ‍ॅलॅन्टॉइन नावालाही नव्हतं. उत्पादकाचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबरच्या जागी नुसती रेघ. हे सगळं छापणं बंधनकारक आहे, आणि मी ते घरी येऊन बघितलं!

डॉक्टरीणबाईंनी सगळं बंद करायला लावलं. साधं ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर दिलं, आठवड्याभरात चेहरा ताळ्यावर आला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, त्यांनी पहिल्यांदा पावतीच विचारली.

जेल अजून कपाटात आहे. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाण दिल्यावर सासूबाईंनी ताट पालथं घातलं. त्यातल्या दोघींनी मान खाली घातली. त्यांच्याही घरी तोच सेट होता.