सोलापुरी तलीथ: कापड झकास, गाठी बाद

ज्यूंची प्रार्थनेची शाल, म्हणजे तलीथ, आता चादरींच्या गावात विणून मिळते. 130 × 180 सेंमी, पांढरं सूत, काळे पक्क्या रंगाचे पट्टे. काठ घट्ट, धुतल्यावर पट्टा पांढऱ्यावर उतरत नाही. लोकर आणि लिनन एकत्र विणलेलं तोराहला, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाला, चालत नाही. इथे निव्वळ सूत, तेव्हा तो प्रश्न नाही. सेफर्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या) रीतीत लोकरीला जास्त मान आहे, एवढंच.

खरा माल मात्र चार कोपऱ्यांत असतो, आणि घोळही तिथेच आहे. सिसिथसाठीचं, म्हणजे कोपऱ्यांतल्या गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या झुपक्यांसाठीचं, भोक काठापासून जेमतेम 1 सेंमीवर. ते निदान अंगठ्याच्या वरच्या पेराइतकं आत हवं, पण तीन अंगठ्यांच्या रुंदीपलीकडे नको. 4 सेंमीवर नवं पाडून काजाची शिलाई घाला, जुनं शिवून बुजवा.

दोऱ्याचं तर नावच नको. भोकातून 4 दोरे ओवून दुमडायचे, टोकं 8. त्यातला लांब दोरा बाकीच्यांभोवती 7, 8, 11, 13 असे वेढे घेतो (ही अश्कनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची रीत). आधी, मध्ये आणि शेवटी मिळून 5 दुहेरी गाठी. वेढे मोजून बरोबर आहेत. पण सिसिथचा दोरा मुळात ‘सिसिथसाठी’ म्हणूनच कातावा लागतो आणि बांधणारा ज्यू असावा लागतो. इथे मागाच्या कोनावरचंच सूत, गाठी कारखान्यातल्या. सगळं सोडून नवे दोरे घालण्यावाचून इलाज नाही.

लेबलवर लिहिलंय, ‘ज्यूद्वेषाच्या निषेधार्थ कुणीही पांघरा.’ हेतू भला, पण सिसिथ लावलेली तलीथ ज्यू नसलेल्याला विकू नये असंच तालमूद (ज्यू धर्मनियमांचा जुना ग्रंथ) सांगतं. एक कारण तिथेच दिलंय: ती पांघरून तो एखाद्या ज्यू वाटसरूची सोबत धरील आणि वाटेत त्याला मारील. भीती तेव्हाचीही हीच. ज्यू व्हायला आलेल्यालासुद्धा बेथ दीन (ज्यू धर्मन्यायालय) आधी विचारतं, आज इस्राएल, म्हणजे ज्यू समाज, छळला जातोय, ठाऊक आहे ना? ‘ठाऊक आहे, मी त्यालाही पात्र नाही’ म्हणणाऱ्याला लगेच स्वीकारतात. पुढे शिक्षण, पुरुषांची सुंता, तिघांसमोर मिक्वेत (शुद्धीच्या कुंडात) बुडी. तलीथ त्यानंतर.

म्हणून बिनदोऱ्याचीच मागा. दोरे वेगळे घ्या आणि पुण्यात लाल देवळातल्या (तिथल्या ज्यू प्रार्थनामंदिरातल्या) जाणत्यांकडून बांधून घ्या. धुताना चारही झुपके एका जाळीच्या पिशवीत, नाहीतर मशीनमध्ये असा गुंता होतो की दोरा तुटतोच.