यार्डातल्या डिझेलसाठी ७०-३०० घ्यावी की ३५?

कॅमेऱ्याची बॉडी घेऊन झाली, आता एकाच लेन्सपुरते पैसे आहेत आणि काढायचे आहेत ते डिझेल इंजिनांचेच फोटो, असं सांगणारे वर्षभरात तिघे-चौघे भेटले. प्रश्न प्रत्येकाचा तोच: लांबचं जवळ आणणारी ७०-३०० मिलिमीटरची झूम घ्यावी की एकाच पल्ल्याची ३५ ची फिक्स? दोन्ही मी भरपूर वापरल्या आहेत, त्याही छोट्या सेन्सरच्या बॉडीवर आणि बहुतेक वेळा पुणे स्टेशन आणि घोरपडीच्या आसपास. तेव्हा पुढचं सगळं तेवढ्या अनुभवापुरतं धरा.

झूमची बाजू उघड आहे. शहरातल्या यार्डात आपल्याला शिरता येत नाही आणि शिरूही नये. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे परवानगीशिवाय हद्दीत घुसलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्याहून मोठं कारण वेगळंच आहे. शंटिंगमध्ये, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवताना, इंजिन रेक (डब्यांची जोडलेली रांग) ढकलत आणतं तेव्हा आवाज मागे असतो आणि पुढचा डबा जवळजवळ मुका अंगावर येतो. रुळांमध्ये उभं राहून डोळा कॅमेऱ्याला लावलेल्या माणसाला तो कळत नाही. म्हणून आपल्यासाठी दोनच जागा उरतात, फलाटाचं टोक आणि रस्त्याचा पूल. फलाटावर तिकीट काढून, स्टेशन मास्तरांना विचारून उभं राहावं. दोन्हीकडून यार्ड लांब दिसतं, मग ३०० लागणारच, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

आणि झूम देतेही भरभरून. शेजारशेजारच्या रुळांवर उभी तीन इंजिनं ती एकमेकांना चिकटवून दाखवते. रुळांचं जाळं दाट होतं, रूळ बदलायच्या कात्र्यांवरून वळणाऱ्या इंजिनाची कंबर दिसते. पुलांवर विजेच्या तारांमुळे लावलेली जाळीही झूमला फारशी अडवत नाही. लेन्स जाळीला टेकवायची, ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं लेन्सचं भोक) पूर्ण उघडं ठेवायचं, की जाळी विरघळून जाते, फक्त फोटो किंचित फिका पडतो. ३५ ला हे जमत नाही. जाळीतून काही बाहेर काढायचा मोह मात्र कोणत्याही लेन्सला होऊ देऊ नका, खाली २५,००० व्होल्ट आहेत.

माझं मत फिरलं ते उन्हामुळे. एप्रिलमधल्या एका रविवारी अकराच्या सुमारास फलाटाच्या टोकावरून दूर तीन अल्को, म्हणजे त्या अमेरिकी कंपनीच्या रचनेची जुन्या धाटणीची डिझेल इंजिनं, चालू अवस्थेत उभ्या दिसल्या. बाजू स्वच्छ, मधे एकही डबा नाही, असा योग क्वचित येतो. मी दीड-दोनशे फ्रेम घेतल्या. घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्या तर प्रत्येक फ्रेममध्ये इंजिनाच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या वाकड्या होत्या. फोकस बरोबर, शटर वेगवान, हात स्थिर, तरी तीच गत. मला लेन्सच बिघडली असं वाटलं. तपासायला दिली, ती ठणठणीत असल्याचा निरोप आला. पुढच्या महिन्यात तीच वेळ, तोच पल्ला, तोच वाकडेपणा. मग उलगडलं. तापलेल्या खडीवरची हवा थरथरत असते, त्यात चालू डिझेलचा रेडिएटर आणि धुराडं भर घालतात, आणि आपण त्या शंभर-दोनशे मीटर थरथरत्या हवेतूनच पाहत असतो. यावर महागडी लेन्स हा उपाय नाही. मध्ये हवा कमी हवी, म्हणजे इंजिन जवळ हवं.

तेव्हापासून माझी मोजपट्टी एकच आहे: कॅबखालचा पाच आकडी नंबर वाचता येतो का? डब्ल्यूडीएम-३डी हे अल्को घराण्यातलं इंजिन असेल तर ११ ने सुरू होणारा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊपर्यंत झूमने तो लांबून वाचता येतो. मार्च उजाडला की आठनंतरच अडखळायला होतं. ३५ ने मात्र भर मे महिन्यातही वाचता आला, कारण तेव्हा इंजिन पंधरा-वीस मीटरवर होतं.

इंजिन जवळ येतं का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. येतं, थांबावं लागतं. मिरज मार्गावर वीज नव्हती तेव्हा मुंबईहून आलेल्या कोल्हापूरच्या गाड्यांचं विजेचं इंजिन पुण्यात सुटायचं आणि डिझेल लागायचं. यार्डातून एकटं इंजिन सावकाश येऊन डब्याला टेकायचं, आणि फलाटाच्या टोकाला उभं राहिलेल्याला सगळा सोहळा समोर दिसायचा. ते आता संपलं. कोकण रेल्वेचं विद्युतीकरणही २०२२ मध्ये पूर्ण झालं. मेन लाइनवर डिझेल आता कमी दिसतं, पण शंटिंगला अजून असतं. आणि शंटिंगचं इंजिन संथ असतं, पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतं, रेक फलाटाला लावायला आपल्यापाशी येतं. ही चाल ३५ च्या सोयीची आहे.

धुराचंही सांगतो, कारण अल्कोचा फोटो धुराशिवाय मला अपुरा वाटतो. लोको पायलटने नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवला की इंधन लगेच जातं, पण इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात हवा कमी पडते आणि काळा लोट उठतो. हा लोट दिसायला मागे आकाश लागतं. पुलावरून झूमने पाहिलं तर मागे काळी खडी आणि पत्र्याची छपरं येतात, धूर त्यात हरवतो. फलाटावर थोडं वाकून ३५ धरली की तो आकाशावर उमटतो. ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या रचनेच्या इंजिनांना हा धूर फारसा नसतो, तिथे हा मुद्दा गौण आहे.

संध्याकाळी तर तुलना फार लांबत नाही. ॲपर्चर १.८ वर ३५ ला जितका प्रकाश मिळतो त्याच्या साधारण दहावा हिस्सा झूमला ५.६ वर मिळतो. यार्डातल्या दिव्याखाली उभं राहिलेलं डब्ल्यूडीएस-६ हे शंटिंगचं इंजिन मला ३५ ने हातात धरून टिपता आलं आहे.

तुमच्या घराजवळ पूल असेल, फलाटावर जाणं कठीण असेल आणि हिवाळ्यात पहाटे उठायची तयारी असेल, तर ७०-३०० घ्या, पश्चात्ताप होणार नाही बहुधा. पाऊस पडून गेल्यावरही ती छान चालते, खडी थंड झालेली असते. पण पैसे एकाच लेन्सचे असतील आणि सुट्टीच्या दिवशी नाश्ता करून दहाला निघणार असाल, तर मी ३५ कडे झुकेन. माझी झूम मी विकलेली नाही. ती जूनमध्ये, पहिल्या सरींनंतर कपाटातून बाहेर निघते. बाकी दिवस बॉडीवर ३५ च असते.