फुलांच्या छापाची उलटी बाजू

आईच्या पासष्टाव्या वाढदिवसाला घरातल्या सर्वांनी फुलाफुलांचे सुती कपडे घालून रात्री बाहेर जेवायला जायचे, ही कल्पना माझ्या भाचीची होती आणि ती सर्वांना आवडली. नागपुरात मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि रात्री नऊ वाजताही भिंतींमधून धग निघत असते, त्यामुळे समारंभाला साजेसे पण भरजरी नसलेले, अंगाला न चिकटणारे कपडे हवेत यावर कोणाचे दुमत नव्हते. आईकडे तिची जुनी सांगानेरी छापाची सुती साडी होती, वहिनीने सीताबर्डीतून कुर्ता घेतला आणि मी मात्र दुकानात जाण्याचा कंटाळा करून मोबाइलवर दिसलेल्या एका जाहिरातीवर विसंबले. त्या एका कंटाळ्यापायी माझे एकूण १५,९६२ रुपये गेले. त्यातले कपड्याचे केवळ १,३४९ होते. उरलेले १४,६१३ रुपये कसे गेले हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे, कारण कपड्यात फसलेल्या माणसाला पुन्हा गाठून लुटण्याची ही रीत मला तोवर माहीत नव्हती.

जाहिरात इन्स्टाग्रामवर होती. पांढऱ्या जमिनीवर गुलाबी आणि हिरव्या बारीक बुट्ट्यांचा आखूड कुर्ता व त्याच कापडाची सैल विजार, म्हणजे हल्ली ज्याला को-ऑर्ड सेट म्हणतात तो, आणि खाली ‘शुद्ध सुती, सांगानेरी हातछपाई’ असे शब्द. जयपूरजवळच्या सांगानेरची लाकडी ठशांची छपाई पांढऱ्या जमिनीवरील नाजूक फुलांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे छायाचित्र आणि वर्णन यांचा मेळ अगदी नेमका बसत होता. मूळ किंमत २,९९९ खोडून १,४९९ लिहिलेली होती आणि आगाऊ पैसे भरल्यास आणखी १५० रुपयांची सूट होती. वस्तू हातात आल्यावर पैसे देण्याची सोय नव्हती. ‘फक्त १२ नग शिल्लक’ अशी लाल अक्षरांतली ओळ होती. छायाचित्रातील मुलीचा चेहरा हनुवटीपासून वर कापलेला होता आणि खालच्या प्रतिक्रिया बंद ठेवलेल्या होत्या. या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या. त्यांचा अर्थ लावण्याची तसदी घेतली नाही, इतकेच.

पुढे, सर्व घडून गेल्यावर, मी त्या खात्याची माहिती उघडून पाहिली. इन्स्टाग्रामवर खात्याच्या नावाजवळ ते केव्हा उघडले आणि त्याचे नाव पूर्वी किती वेळा बदलले हे बहुधा पाहता येते. हे खाते चार महिन्यांपूर्वीचे होते आणि त्याचे नाव तीनदा बदललेले होते. तेच छायाचित्र मी शोधयंत्रात टाकून पाहिले, तेव्हा ते दुसऱ्याच एका विक्रेत्याच्या पानावर चेहऱ्यासकट सापडले. दोन्ही तपासण्यांना मिळून पाच मिनिटेही लागली नाहीत.

पार्सल वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी आले. आत बिल नव्हते. वेष्टनावर पाठवणाऱ्याचे नाव नव्हते, केवळ एका कुरिअर केंद्राचा पत्ता होता. कपडा हातात घेताच तो सुळसुळला, तेव्हाच मनात शंका आली. मी दुकानाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर छायाचित्रांसह संदेश पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. आता दुसरे काही आणायला वेळ नव्हता आणि भाचीने सर्वांच्या एकत्रित छायाचित्राचा घोशा लावलेला होता, म्हणून शनिवारी रात्री मी तोच संच घालून निघाले.

आम्ही धरमपेठेतल्या एका उपाहारगृहाच्या गच्चीवर बसलो होतो. मोठाले कूलर चालू असूनही माझी पाठ घामाने भिजली होती, शेजारी आई मात्र आपल्या साडीत निवांत होती. तिने माझ्या कुर्त्याची कड चिमटीत धरली, उलटली आणि म्हणाली, “अगं, याची उलटी बाजू पांढरी आहे. हे ठशाचं काम नाही, आणि सुती तर नाहीच नाही.” मग तिने आपल्या पदराची मागची बाजू दाखवली. ठसा दाबून छापलेला रंग सुती धाग्यात मुरतो आणि मागे उमटतो. एक ठसा संपून दुसरा लागतो तिथे रेषा केसभर सरकलेली असते. शेजारच्या दोन बुट्ट्या अगदी एकसारख्या कधीच नसतात. माझ्या कुर्त्यावरचे प्रत्येक फूल शेजारच्या फुलाची हुबेहूब नक्कल होते. (रविवारी मी शिवणीच्या आतल्या कडेतून कापडाचाच एक धागा काढून काडीने पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ, करडी राख होते. हा धागा आकसला, वितळला आणि टोकाशी काळा, कडक मणी झाला. पॉलिएस्टर ओळखण्यासाठी याहून सोपी परीक्षा नाही. फक्त ती पाण्याचे भांडे जवळ ठेवूनच करावी.)

आईने हे सहज म्हटले होते. मला मात्र ते जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर लागले. जेवण यायला वेळ होता, म्हणून मी तिथेच त्या दुकानाच्या नावापुढे ‘ग्राहक सेवा’ असे लिहून शोध घेतला. सर्वांत वरच्या निकालात एक मोबाइल क्रमांक होता. तो लावला, लगेच तुटला, आणि दोन मिनिटांत दुसऱ्याच क्रमांकावरून मला उलट फोन आला. हा क्रमांक त्या दुकानवाल्यांचाच होता, की फसलेली माणसे असाच शोध घेतात हे ओळखून तिसऱ्याच कोणी तो तिथे पेरून ठेवला होता, हे मला आजही कळलेले नाही. गच्चीवर गोंगाट होता, म्हणून मी जिन्यात गेले.

समोरचा माणूस अत्यंत नम्र हिंदीत बोलत होता. त्याने आधी माफी मागितली, मग ऑर्डर क्रमांक विचारला, मग पूर्ण परतावा मंजूर झाल्याचे सांगितले आणि मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे एक ॲप उतरवून घेण्याची सूचना केली. ती मी ताबडतोब नाकारली. अशा ॲपमधून आपले सर्व व्यवहार समोरच्याला दिसतात हे मी वर्तमानपत्रात वाचलेले होते आणि तसे त्याला ठणकावून सांगितलेही. तो म्हणाला, “मॅडम, आप बहुत समझदार हैं.” खरे सांगायचे तर मी तिथे फसले. एक सापळा ओळखल्याच्या समाधानात, दुसरा सापळा असू शकतो ही शक्यताच माझ्या मनातून गेली.

त्याने मग ‘सोपा मार्ग’ सांगितला. यूपीआय ॲप उघडायचे. त्यात तो सांगेल तो ‘रिफंड आयडी’ टाकायचा. त्याखालच्या चौकटीत माझ्या ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकायचे, म्हणजे संगणकाला माझी ऑर्डर सापडेल. आणि शेवटी पिन टाकून ‘पडताळणी’ पूर्ण करायची. त्या आयडीत ‘रिफंड’ हा शब्द खरोखरच होता. असा आयडी पुष्कळदा आपल्या पसंतीने निवडता येतो, त्यामुळे त्यातील शब्दाला काडीचाही अर्थ नाही, हे मला नंतर समजले. पडद्यावर एका व्यक्तीचे नाव आले, तेव्हा मी विचारले. ते लेखा विभागाच्या अधिकाऱ्यांचे असल्याचे उत्तर तयार होते. ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ४८७१ होते. ज्या चौकटीत मी ते टाकले ती रकमेची चौकट होती आणि तिच्या डाव्या बाजूला रुपयाचे चिन्ह होते. मी ते चिन्ह पाहत होते आणि तरीही तो माझा ऑर्डर क्रमांक आहे असेच मानत होते. मी पिन टाकला आणि ४,८७१ रुपये गेले. वेळ ९ वाजून ५ मिनिटे.

मी ओरडलेच. त्याने आवाज किंचितही न चढवता सांगितले की व्यवहार उलट दिशेने अडकला आहे, असे कधी कधी होते, आणि तो रद्द करण्यासाठी रद्दीकरणाचा क्रमांक टाकावा लागेल: ९७४२. हा आकडा ४८७१ च्या बरोबर दुप्पट आहे हे मला घरी आल्यावर दिसले. ९ वाजून ११ मिनिटांनी ९,७४२ रुपये गेले. तिसरा, पाच आकडी क्रमांक तो सांगत असतानाच भाची जिन्यात आली आणि “आत्या, जेवण आलं,” म्हणाली. मी फोन बंद केला तो तिच्यामुळे, माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. तो केवळ पैसे देण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी लागतो. हे वाक्य मी स्वतः माझ्या वडिलांना दोनदा समजावलेले आहे. त्या जिन्यात मला ते आठवले नाही, कारण मी पैसे घेत आहे असे मला वाटतच नव्हते. मी ‘पडताळणी’ करत होते. शब्द बदलला की तीच कृती निराळी वाटू लागते, आणि त्या माणसाचे सारे कसब त्या एका शब्दात होते.

यापुढे मी जे केले त्याची मला अधिक लाज वाटते. मी टेबलापाशी परत गेले आणि कोणालाही काही बोलले नाही. आईचा वाढदिवस होता, केक यायचा होता, बिल मी देणार असे मीच जाहीर केले होते. मी हसत छायाचित्रे काढून घेतली. बिलाच्या वेळी ‘बँकेचे सर्व्हर बंद आहे’ असे खोटे सांगून मी दादाला पैसे द्यायला लावले. घरी पोहोचल्यावर रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी माझे पती आणि मी दोघेच असताना मी सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी केवळ घड्याळाकडे पाहिले आणि मला १९३० हा क्रमांक लावून दिला.

१९३० ही सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तिथे तक्रार नोंदवली की ज्या बँकेत पैसे गेले तिला सूचना जाते आणि पैसे तोवर त्या खात्यात असतील तर ते गोठवले जातात. पुढच्या खात्यात गेले असतील तर सूचना त्या खात्याच्या मागे जाते. म्हणजे ही शर्यत आहे आणि तिच्यात मी समोरच्याला अडीच तासांची सुरुवात दिली होती. फोनवर मला माझ्या बँकेचे नाव, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारण्यात आला. हा क्रमांक यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. तो शोधण्यात माझी आणखी काही मिनिटे गेली. तक्रारीचा पोच क्रमांक संदेशाने आला आणि दुसऱ्या दिवशी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर उरलेला तपशील भरला. पुढे पोलिसांकडून कळले की पैसे त्या रात्रीच दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यात वळवले गेले होते. एका खात्यात २,१०० रुपये गोठवता आले. ते न्यायालयाच्या आदेशानंतर मिळतील असे मला सांगण्यात आले आहे. मी ९ वाजून १२ मिनिटांनी त्या जिन्यातूनच फोन केला असता तर कदाचित अधिक रक्कम अडली असती. आईचा केक त्यामुळे पंधरा मिनिटे उशिरा कापला गेला असता.

बँकेकडून मला परतावा मिळाला नाही आणि मिळेल अशी अपेक्षाही आता नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा आधार पुष्कळ लोक घेतात. त्रयस्थाने परस्पर पैसे काढले असतील आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले असेल तर ग्राहकावर भार येत नाही, हे त्यात आहे. परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा सर्व तोटा ग्राहकाचा, हेही त्यातच आहे. पिन मी स्वतः टाकला होता.

कपड्याच्या पैशांसाठी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवरही फोन केला. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दाखवणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्कही नाही. या सर्व तरतुदी चांगल्या आहेत. अडचण एवढीच की तक्रार कोणाविरुद्ध करायची हे माझ्याकडे नाही. बिल असते तर त्यावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असण्याची शक्यता होती, त्याच्या पहिल्या दोन आकड्यांवरून राज्य कळले असते (महाराष्ट्राचे २७, राजस्थानचे ०८) आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर नोंदणी कोणाच्या नावे आहे हेही पाहता आले असते. पैसे भरण्यापूर्वी हा क्रमांक मागणे अवघड नव्हते. आता मी अनोळखी दुकानाकडे तो आधी मागते आणि निम्मी दुकाने तिथेच गप्प होतात.

तो संच मी अद्याप टाकलेला नाही. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वस्तू, वेष्टन आणि त्यावरचे लेबल जपून ठेवावे असे मला सांगण्यात आले आहे, म्हणून तो त्याच पिशवीत कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. सासूबाईंनी तो मध्यंतरी लादी पुसायला मागितला होता. मग त्यांनीच कडेला बोटाने पाण्याचा एक थेंब सोडून पाहिला, तो घरंगळत खाली पडला, आणि त्यांनी संच परत पिशवीत घातला.