डिसोल्डरिंग गन, सहा-सात महिने वापरून: गन झकास, फिल्टरनं डोकं खाल्लं

पहिल्याच आठवड्यात पाच स्टार देऊन मोकळा झालो होतो, ते आता बदलून राहिलो. गन म्हणजे बोर्डावरचं सोल्डर वितळवून पंपानं ओढून घेणारी; बाकी स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, त्यात जात नाही.

माझं रोजचं काम इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशीनचे पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड. पण एका ओळखीच्या कॅफेवाल्यानं १९८० चं बॅलीचं झेनॉन पिनबॉल गेम मशीन माझ्या डोक्यावर आणून टाकलं, त्याच्यासाठी ही गन घेतली. या मशीनच्या एमपीयू (मुख्य कंट्रोल) बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असते, आणि ती गळली की शेजारचं रिसेट सर्किट हिरवंनिळं, सॉकेटच्या पिना काळ्या. गळतं ते अल्कलाइन, म्हणून आधी व्हिनेगरमध्ये पाणी घालून ब्रशनं घासायचं, मग साधं पाणी, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि वाळवायला आपलं नागपूरचं ऊन आहेच, ब्लोअर कायले पाहिजे. तरी ते कुजलेलं सोल्डर वितळत नाहीच. तांबं चमकेपर्यंत खरवडा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) लावा, वरून नवीन ६०/४० कथील-शिशाचं सोल्डर द्या, मग गन. हातपंपानं केलं की पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उचललाच समजा. गननं पीआयए नावाच्या चिपचं ४० पिनांचं सॉकेट अलगद हातात आलं, एक पॅड गेला नाही. इथपर्यंत पाच स्टार.

आता फिल्टर. काचेच्या नळीमागं ती पांढरी चकती असते नं, ती. अशा घाणेरड्या बोर्डांवर फ्लक्स ओढून ओढून चकती कडक होते आणि सक्शन मरते. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, "सर, फिल्टर वेगळा येत नाही, पूर्ण हँडल घ्यावं लागेल." हँडल जवळपास गनच्या निम्म्या किमतीला! एवढ्याशा चकतीसाठी! मेल केला, फोटो पाठवले, तर उत्तर आलं की कन्झ्युमेबल वॉरंटीत बसत नाही. अरे बाप्पा, फुकट मागूनच कोण राहिलं, विकत द्या म्हणतो! सीताबर्डीच्या बाजारात दुकानं पालथी घातली, सगळीकडे दुसऱ्याच मापाच्या. त्या रागात रेटिंग दोन स्टारवर आणलं.

मग मेडिकलमधून कापसाचं बंडल आणलं आणि कात्रीनं गोल चकत्या कापल्या. ठासून भरला तर पंप घरघरतो, सैल राहिला तर सोल्डरचे कण आत जातात, अंदाज हातालाच येतो. चालते एकदम.

त्याच चकत्यांवर बाकीची सॉकेटं काढली आणि बोर्डाचा एलईडी बेंचवर सहा वेळा चमकला. हा बोर्ड चालू होताना स्वतःची तपासणी करतो, सगळं ठीक असेल तर एकूण सात फ्लॅश येतात. सातवा फ्लॅश बेंचवर येत नाही, त्याला सोलेनॉइडचे ४३ व्होल्ट लागतात, ज्याला माहीत नाही तो उगाच चांगला चिप बदलत बसतो. मशीनमध्ये लावल्यावर सातवाही आला.

तर आता चार स्टार. घाणेरड्या जुन्या बोर्डांचं काम असेल तर घ्या, कापसाचं बंडल सोबतच घेऊन ठेवा. पाचवा स्टार मात्र त्या हँडलवाल्या उत्तरासाठी कापला तो कापलाच, सुटी चकती विकायला काढतील तेव्हा बघू.